फकिराच्या गाण्यातलं जास्तीचं कापड

वहिनींना इथली भाषा येते ती फक्त काउंटरवरची. दुकान ड्रायक्लीनिंगचं आणि त्यातला डावा कोपरा वहिनींचा. एक शिवणयंत्र, एक उभा आरसा, पडदा लावलेली कपडे बदलायची जागा आणि भिंतीवर दोऱ्यांची रिळं. एकवीस वर्षं त्या तिथे ह्या परक्या देशातल्या लोकांच्या पँटी आखूड करतात, चेनी बदलतात, कमरा सैल करतात. त्यामुळे डाग, बाही, अस्तर, काज, ‘गुरुवारी चारनंतर या’ आणि ‘हमी देता येणार नाही’ हे सगळं त्या इतक्या सफाईने बोलतात की ऐकणाऱ्याला वाटावं, बाई इथल्याच. दुकानाबाहेर पडल्या की मात्र पंचाईत. पोटात दुखतंय हे डॉक्टरांना सांगायला त्यांनी एकदा ‘आतलं अस्तर फाटलंय’ असं सांगितलं आणि डॉक्टरांनी ताबडतोब ॲम्ब्युलन्स मागवली. निघाले गॅसेस.

मी त्यांचा धाकटा दीर. लिफ्ट दुरुस्त करतो. माझा स्वभाव तुसडा आहे असं घरात सगळ्यांचं मत आहे आणि ते बरोबर आहे. हिंदी सिनेमा मला कधीच आवडला नाही. चांगली गोष्ट चाललेली असते आणि दोन शहाणीसुरती माणसं एकदम डोंगरावर जाऊन नाचायला लागतात. लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे अडकली की आतल्या माणसांना जे वाटत असेल, ते मला तेव्हा वाटतं. तरीही पंधरा वर्षं दर महिन्याच्या एका रविवारी दुपारी मी वाचनालयाच्या तळघरातल्या हॉलमध्ये प्रोजेक्टर चालवत आलो. वहिनींनी सांगितलं म्हणून. वहिनींना नाही म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही.

हे सगळं सुरू झालं एका बस ड्रायव्हरमुळे. माणूस इथलाच, चांगला सहा फूट उंच. तेव्हा तो नोकरीत होता आणि गणवेशाची पँट कमरेला सैल करून घ्यायला दर सहा महिन्यांनी यायचा. तिसऱ्या खेपेला वहिनींनी पँट उलटी करून त्याला शिवण दाखवली. आत जास्तीचं कापड सोडलेलं असतं म्हणून आजवर सैल करता आली, आता ते संपलं, यापुढे नवी पँट घ्या नाहीतर कमी जेवा, असं त्याला स्पष्ट सांगितलं. ह्या आत सोडलेल्या कापडाला आपण माया म्हणतो. इथल्या भाषेतही त्याला एक साधा, रोखठोक शब्द आहे आणि तो वहिनींच्या तोंडी दिवसातून वीस वेळा असतो. ड्रायव्हर ओशाळला. विषय बदलायचा म्हणून त्याने विचारलं, “हे तुमच्या यंत्राशेजारी कोण गातंय?”

वहिनींच्या छोट्या स्पीकरवर दिवसभर सिनेमातली गाणी चालू असतात. त्या सांगायला लागल्या. हा गातोय ते तिला ऐकू जाणार नाही असं त्याला वाटतंय, पण ती भिंतीपलीकडेच आहे, आणि तिचं लग्न दुसरीकडे ठरलंय. मागे चार गिऱ्हाइकं खोळंबली. शेवटी त्या म्हणाल्या, “हे सांगून कळायचं नाही. बघायला या रविवारी.” कुठे यायचं ते त्यांनाही माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी त्यांनी दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, हॉल मागायला वाचनालयात पिटाळलं आणि मला प्रोजेक्टर शोधायला लावलं.

पहिल्या रविवारी बारा माणसं आली. ड्रायव्हर, त्याची बायको, त्याच्या डेपोतले काहीजण आणि दुकानातली दोन-तीन गिऱ्हाइकं. यातल्या एकानेही आपला सिनेमा कधी पाहिलेला नव्हता. सिनेमा पुलाचा होता. वहिनी सिनेमांना नाव घेऊन ओळखत नाहीत. पुलाचा, जुळ्यांचा, आंधळ्या आईचा, असं त्यांचं असतं. नायक अर्धवट बांधलेल्या पुलाच्या टोकाला एका हाताने लटकलेला, खाली पूर आलेली नदी, नायिकेने किंकाळी फोडली आणि पडद्यावर आलं ‘मध्यंतर’. मी दिवे लावले. बाराही जण उठून उभे राहिले, मनापासून टाळ्या वाजवल्या, कोट घातले आणि निघून गेले.

इथे सिनेमाला मध्यंतर नसतं हे आम्हाला कोणाला सुचलंच नव्हतं. वहिनींना वाटलं, आवडला नाही. दादाला जाग आली आणि त्याला वाटलं, संपला. दादा सिनेमा सुरू झाला की झोपतो, तो त्याचा हक्क आहे. पुढच्या आठवड्यात ड्रायव्हरची बायको काउंटरवर येऊन म्हणाली, “तुमचे लोक किती धीट हो. त्याला तसा लटकत ठेवला आणि संपवलं. मला दोन रात्री झोप नाही.” वहिनींनी तिला सांगितलं की अजून सव्वा तास आहे, नायक वाचतो, शिवाय त्याला त्याचा भाऊ सापडतो. बाई काउंटर धरून उभीच राहिली. तेव्हापासून मध्यंतराच्या पाच मिनिटं आधी वहिनी दारात जाऊन उभ्या राहू लागल्या.

दुसरी अडचण गाण्यांची. संवादांना खाली इथल्या भाषेतली अक्षरं यायची, गाणं लागलं की अक्षरं गायब. छापणाऱ्यांनी ठरवून टाकलेलं असावं की ह्यात समजण्यासारखं काही नाही. माझंही तेच मत होतं. पण वहिनींना ते सहन होईना. त्या माइक घेऊन पडद्याच्या बाजूला उभ्या राहिल्या आणि गाणी सांगायला लागल्या, जी भाषा येत होती त्या भाषेत.

मी मागे उभा राहून ते ऐकायचो आणि मला हसू आवरायचं नाही. नायक गायचा, तुझ्या रंगात मी रंगलो. वहिनी सांगायच्या, “तो म्हणतो, तुझा रंग मला लागला. धुऊन जाणार नाही. मी हमी देतो.” नायिका गायची, वाट पाहून डोळे शिणले. वहिनी सांगायच्या, “ती म्हणते, तू गुरुवारी चारनंतर येतो म्हणालास. आज कितवा गुरुवार?” विरहाच्या गाण्यात नायक म्हणजे बटण तुटलेला कोट असायचा आणि जुनं प्रेम म्हणजे इस्त्रीची न मोडणारी घडी. लोक हसायचे, पण चेष्टेने नाही. दोन मिनिटांनी तेच लोक नाक पुसत असायचे. मला त्याचं कारण आजही नीटसं सांगता येत नाही. एवढं खरं की त्यांना गाणं कळायचं.

नवीन माणूस आला की वहिनी त्याला सुरुवातीलाच तयार करायच्या. गाणं लागलं म्हणजे बाथरूमला जायची वेळ झाली असं नाही. गाण्यात तिचे कपडे पाच वेळा बदलतील, कुठून आणले ते विचारायचं नाही. मी शिवणारी असून विचारत नाही. ओठ हलवणारा गात नसतो, गाणारा वेगळाच असतो, हे कळल्यावर एक बँकेतला माणूस फसवल्यासारखा रागावला. वहिनी म्हणाल्या, “कापतो एक, शिवतो दुसरा, आणि लोक म्हणतात कोट तुम्हाला शोभतो. तेव्हा तुम्ही रागावता का?” आणि हे लोक मधेच का गातात, असं कोणी विचारलंच तर त्या उलट विचारायच्या, “तुम्ही मधेच का गप्प होता?”

पुलाच्या सिनेमात एक फकीर आहे. त्याचा गोष्टीशी काही संबंध नाही. तो पुलावर बसतो आणि नायक आत्महत्येच्या विचाराने तिथे आला की गातो. हे सारं जग माया आहे, त्यात गुंतू नकोस, असं ते गाणं. पहिल्या वेळी ते आलं तेव्हा वहिनी क्षणभर अडल्या. मग त्यांनी सांगितलं, “फकीर म्हणतो, हे सगळं जग म्हणजे शिवणीत आत सोडलेलं जास्तीचं कापड आहे. बाहेरून दिसत नाही. गरज पडेल तेव्हा उसवून मोठं करता येतं.” मी मागे कपाळावर हात मारला. पण त्याच वेळी पडद्यावरचा नायक उडी न मारता मागे फिरला, आणि हॉलमधल्या प्रत्येकाला तो का मागे फिरला ते पटलं. खऱ्या गाण्याने तो मागे का फिरतो हे मला कधी पटलेलं नाही. पुलाचा सिनेमा पुढे वर्षातून एकदा हटकून लागायचा, लोकच मागायचे.

ह्या रविवारांचं वहिनींना काय होतं ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. बँकेत, डॉक्टरकडे, सरकारी खिडकीवर त्या तोंड उघडायच्या आणि समोरचा तिसऱ्या शब्दाला त्यांचं वाक्य स्वतःच पुरं करून टाकायचा, बहुतेक वेळा चुकीचं. ह्या देशात त्यांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं जाईल अशी एकच जागा होती, पडद्याच्या डाव्या बाजूची दोन फूट जमीन. त्या महिनाभर त्या रविवारावर जगायच्या. त्यांनी असं कधी म्हटलं नाही. पण शनिवारी त्या आरशासमोर उभ्या राहून माइकच्या जागी दोऱ्याचं रीळ धरून बोलताना मी पाहिलंय.

आता पुतणीचं. दादा-वहिनींना एकच मुलगी. घरात तिला बबी म्हणतात. ती इथेच वाढली, इथली भाषा तिला पाण्यासारखी येते. अठरा वर्षांची असताना तिने वर्गातल्या सहा मैत्रिणी एका रविवारी आणल्या. वहिनी खुशीत होत्या, त्यांनी नेहमीपेक्षा रंगवून गाणी सांगितली. मैत्रिणी हसल्या आणि त्यांचं हसणं चेष्टेचं होतं. पुढे वर्षभर शाळेत कोणी काही मागितलं की “गुरुवारी चारनंतर ये” असं उत्तर बबीकडे बघून दिलं जायचं. बबी आईला काही बोलली नाही. फक्त त्या हॉलमध्ये पुन्हा आली नाही, आणि शाळा संपल्यावर बसने दोन तासांवरच्या गावात शिकायला गेली ती तिथेच राहिली. औषधांच्या खोक्यात घडी घातलेली जी बारीक अक्षरांची चिठ्ठी असते, तिचं भाषांतर करते. त्या कामात एक शब्द चुकला तर माणूस दगावू शकतो, असं ती सांगते. फोन दर रविवारी सकाळी, दहा मिनिटं. आठ वर्षं असंच चाललं.

मागच्या वर्षी वाचनालयात नवीन व्यवस्थापक बाई आल्या. वाईट नव्हत्या. त्यांनी एकदा सगळा खेळ बसून पाहिला आणि दुसऱ्या दिवशी वहिनींना बोलावलं. मी सोबत गेलो. बाई म्हणाल्या, ज्यांना ऐकू येत नाही असेही लोक आमच्याकडे येतात, त्यांच्यावर हा अन्याय आहे, नियमाने सगळं पडद्यावर लिहिलेलं पाहिजे, गाणीसुद्धा. एक सिनेमा तसा करून आणा. तो खेळ बघू, लिहिलेलं पुरेसं वाटलं तर मधे कोणी उभं राहून बोलायची गरज उरणार नाही. अपुरं वाटलं तर पूर्वीसारखं चालू ठेवू.

यात खोट काढायला जागा नव्हती, म्हणून मला जास्त राग आला. परतीच्या वाटेवर वहिनी चौकात थांबल्या. मग म्हणाल्या, “भावोजी, लिहिलेलं असल्यावर मी उभी कशाला राहू?”

“मग करूच नका,” मी म्हटलं. “नाही जमलं म्हणून सांगा.”

“ऐकू न येणाऱ्यांनी काय केलंय?”

वहिनींना इथली भाषा लिहिता येत नाही, पावती फाडण्यापुरतीच येते. दादाने बबीला फोन केला. मला वाटलं ती कामाची सबब सांगेल. ती म्हणाली, येते.

तीन शनिवार ती आली. जेवायच्या टेबलावर लॅपटॉप, समोर वहिनी हातशिलाईचं काहीतरी घेऊन, आणि तिसऱ्या खुर्चीत मी, चहाच्या निमित्ताने. सिनेमा पुलाचाच निवडला होता. बबी हिंदी पुस्तकातून शिकलेली, शेजारी जाड शब्दकोश. एकेक ओळ थांबवून ऐकायची, लिहायची, खोडायची. काम चोख. मधून मधून विचारायची, “आई, इथे तू काय सांगायचीस?” वहिनी सांगायच्या. बबी मान हलवायची आणि बरोबर असलेलं लिहायची. दोघी इतका वेळ एका टेबलाशी बसल्याचं मी आठ वर्षांत पाहिलं नव्हतं, त्यामुळे मी चहा हळू पीत होतो.

तिसऱ्या शनिवारी फकिराचं गाणं आलं.

“जग माया आहे,” बबी म्हणाली. “हे सोपंय. तू काय सांगायचीस?”

वहिनींनी सांगितलं.

बबीने लॅपटॉपवरून मान वर केली. “शिवणीतलं कापड? ते कुठून आलं?”

“त्याला मायाच म्हणतात.”

“कापडाला?”

“कापडाला. तुला शिवण कुठे शिकवली मी.”

“आई, पण इथे माया म्हणजे भ्रम. जे दिसतं पण नसतं ते.”

“ते मला ठाऊक आहे गं. इथल्या भाषेत त्याला काय म्हणतात ते ठाऊक नव्हतं.”

बबीने तो शब्द सांगितला. वहिनींनी तो दोनदा पुटपुटून पाहिला. “हा माझ्याकडे नव्हता,” त्या म्हणाल्या. “काउंटरवर कधी कोणी मागितला नाही.”

बबीला हसू आलं. “पंधरा वर्षं तू लोकांना हे सांगतेयस?” वहिनीही हसल्या. “लिही तुझंच,” त्या म्हणाल्या आणि हातातली पँट उलटी करून बघत बसल्या. पँटीला काही झालेलं नव्हतं.

खेळाच्या दिवशी चाळीसेक माणसं होती. ड्रायव्हर आता निवृत्त झालाय, तो नेहमीच्या दुसऱ्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर. शेजारची खुर्ची रिकामी, तिच्यावर त्याची टोपी. बायको सहा वर्षांपूर्वी गेली तेव्हापासून ती खुर्ची तो कोणाला देत नाही. व्यवस्थापक बाई मागे भिंतीला टेकून उभ्या. बबी पहिल्या रांगेत. वहिनी त्यांच्या जागी, पडद्याच्या डाव्या बाजूला. हातात माइक होता, पण बंद.

सिनेमा सुरू झाला. खाली बबीची अक्षरं येत होती, संवादाला येत होती आणि गाण्यालाही. छान होती. इथले लोक कविता छापतात तशी. लोक शांतपणे वाचत होते. वहिनीही वाचत असाव्यात, त्यांचे ओठ हलत होते. मी पंधरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांना पडद्याकडे तोंड करून उभं राहिलेलं पाहत होतो. एरवी त्या लोकांकडे बघायच्या.

मग फकीर आला. पहिली ओळ झाली आणि ड्रायव्हर उभा राहिला.

“थांबवा,” तो म्हणाला. “हे चुकलंय.”

मी सिनेमा थांबवला. दिवे लावले.

“फकीर असं म्हणत नाही,” ड्रायव्हर व्यवस्थापक बाईंना म्हणाला. तो भांडखोर माणूस नाही, आवाजही चढलेला नव्हता. “मी हे गाणं पंधरा वेळा ऐकलंय. जग खोटं आहे असं तो म्हणत नाही. तसं म्हणाला असता तर तो पोरगा पुलावरून खाली नसता का पडला?” आजूबाजूला माना हलल्या. कोणी म्हणालं, बरोबर आहे. आणखी कोणी म्हणालं, आम्हाला आधी वेगळं सांगितलं होतं.

बाई पुढे आल्या. “लिहिलेलं चुकीचं असेल तर मग ते दाखवता येणार नाही,” त्या म्हणाल्या. “मग पूर्वीचीच पद्धत बरी.” आणि त्यांनी वहिनींकडे पाहिलं. “बरोबर काय आहे?”

बबीची मान खाली होती आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मला मागून तेवढंच दिसत होतं. वहिनींनी फक्त गप्प राहायचं होतं. नुसते खांदे उडवले असते तरी ती दोन फूट जमीन आयुष्यभर त्यांची होती. मी मनात म्हणत होतो, वहिनी, बोलू नका.

वहिनींनी माइक चालू केला.

“मुलीचं बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “चूक माझी. आमच्यात त्या शब्दाचा एक अर्थ हा आहे,” त्यांनी पडद्यावरच्या अक्षरांकडे बोट केलं, “आणि दुसरा कापडाचा. फकीर पहिला म्हणतो. पहिल्याला तुमचा शब्द काय ते मला येत नव्हतं. दुसऱ्याला येत होतं. मी तो दिला. पंधरा वर्षं चुकीची शिलाई दिली. माफ करा.”

ड्रायव्हर अजून उभाच होता. त्याने खिशातून पाकीट काढलं आणि पाकिटातून एक पांढरं कार्ड काढून उघडून धरलं. बायको गेली तेव्हा त्याने आलेल्या सगळ्यांना ते वाटलं होतं, आमच्याकडेही एक आहे. वर तिचा फोटो आणि खाली एक ओळ. सगळं आत सोडलेलं कापड आहे, दिसत नाही, गरज पडली की मिळतं.

“मग हे मी चुकीचं छापलं?” त्याने विचारलं.

वहिनी पुढे गेल्या. त्यांनी कार्ड हातात घेतलं, नीट वाचलं आणि त्याची घडी घालून परत दिलं.

“कार्ड बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “गाणं वेगळं आहे.”

ड्रायव्हरने कार्ड घेतलं. मग बसला. कार्ड त्याने पाकिटात न ठेवता टोपीवर ठेवलं.

“भावोजी, चालू करा,” वहिनींनी मला मराठीत सांगितलं. मी दिवे बंद केले. त्या पडद्याच्या बाजूला गेल्या नाहीत. तिसऱ्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती, तिथे जाऊन बसल्या आणि उरलेला सिनेमा त्यांनी सगळ्यांसारखा पाहिला. मला त्यांचा भयंकर राग आला होता. एवढं खरं बोलायची काय गरज होती हे मला त्या क्षणी कोणी समजावून सांगितलं असतं तर मी त्याच्या अंगावर प्रोजेक्टर टाकला असता.

खेळ संपल्यावर व्यवस्थापक बाईंनी वहिनींचे दोन्ही हात हातात घेऊन आभार मानले. पुढच्या महिन्यापासून सगळं लिहिलेलंच दाखवू, तुम्ही मात्र यायचंच, असं म्हणाल्या. वहिनींनी माइक त्यांना दिला आणि बॅटऱ्या बदलायला झाल्यात तेवढं सांगितलं. दादाने खुर्च्या रचल्या. मी वायरी गुंडाळल्या.

घरी आलो तेव्हा पाच वाजले होते. बबीची बस साडेसहाची. तिच्या कोटाचं एक बटण लोंबत होतं, ते वहिनींनी बघितलं आणि कोट ओढून घेऊन सुई ओवली. तयार कपड्यांच्या दुकानातला कोट होता. दादा आत जाऊन आडवा झाला. बबी टेबलाशी उभी होती, हात कुठे ठेवावे ते न कळल्यासारखी.

“तू गप्प बसली असतीस तर चाललं असतं,” ती म्हणाली.

“तुझं बरोबर होतं ना?”

“होतं.”

“मग.”

वहिनी दोरा ओढत राहिल्या. बबी थोड्या वेळाने म्हणाली, “तू दर वर्षी कोट शिवून पाठवतेस ना, ते मी घालत नाही.” औषधाच्या चिठ्ठ्या लिहिते ती, खोटं बोलायची तिला सवय नाही. “आठच्या आठ कपाटात आहेत. त्यांच्या शिवणी टोचतात. आत दोन-दोन बोटं कापड सोडलेलं असतं. एवढं कोण सोडतं आई?”

वहिनींनी गाठ मारली आणि दोरा दाताने तोडला.

“माझ्याकडे तुझं माप अठराव्या वर्षाचं आहे,” त्या म्हणाल्या. “त्यावर अंदाजाने कापायचं. माप नसलं की माया जास्त सोडावी लागते.”

मी खिडकीकडे बघायला लागलो. लिफ्टच्या कामात मी कितीतरी वेळा लोकांच्या नको त्या क्षणी दार उघडलंय, पण तिथे निदान हातात पाना असतो. वहिनींनी कोट झटकला आणि तिच्यापुढे धरला. साडेसहाची बस गाठायची तर आता निघायला हवं होतं.

बबीने कोट घेतला नाही. तिने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली, स्वेटर काढला, आईसमोर सरळ उभी राहिली आणि लहानपणी उभी राहायची तसे दोन्ही हात बाजूला पसरले.

वहिनी टेप घ्यायला उठल्या. टेप समोरच होता, पण त्यांना तो सापडायला बराच वेळ लागला. मग त्यांनी तो तिच्या पाठीमागून घेऊन पुढे आणला आणि म्हणाल्या, “श्वास धरून ठेवू नकोस. नेहमीसारखी उभी राहा.”